मी आठ म्हटलं होतं

मित्रांनो, मी जुनी आहे, पोलादाची आहे आणि पंधरा सेंटिमीटर लांब आहे. यातलं काहीही 'साधारण' नाही. साधारण, अंदाजे, एवढंसं, जवळजवळ, असले शब्द माझ्यासमोर काढायचे नाहीत. काढलेत तर मी इथेच थांबेन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

तुम्हाला मित्र म्हटलं खरं, पण ती नुसती बोलायची पद्धत झाली. पट्ट्यांशी तुम्ही मुलं कसं वागता ते मला चांगलं ठाऊक आहे. कोणी कडेवर दातांनी नक्षी काढतं, कोणी पुढच्या बाकावरच्याच्या पाठीत खुपसतं. आणि त्या तुमच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही तसल्याच, अंगावर फुलं मिरवणाऱ्या. त्यांच्याशी माझं नातं लावू नका. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरात एकोणीस वर्षं काढली आहेत. माणसाच्या पोटात जाऊन, खरं काय ते सांगून बाहेर आलेली पट्टी आहे मी. तेव्हा सरळ बसा आणि ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या लांब पत्र्यातून आम्हा बहिणींना कापून काढलं, कडा घासल्या आणि अंगावर रेघा कोरल्या. शेवटच्या टेबलाशी एक चष्मेवाले तपासनीस बसायचे. माझ्या पुढच्याच बहिणीची एक रेघ केसभर सरकली होती. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि चकार शब्द न काढता तिला भंगाराच्या पेटीत टाकलं. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. जगात एवढी शिस्त आहे म्हटल्यावर आपलं चांगलं चालणार, असं मनाशी धरून मी खोक्यात जाऊन पडले. खुळी होते, दुसरं काय.

थिएटरात आमच्या ट्रेमध्ये बासष्ट हत्यारं. कात्र्यांचा तोरा तर विचारूच नका. चिमटे मला हसायचे. म्हणायचे, ही कापत नाही, धरत नाही, शिवत नाही, नुसती बघते आणि नावं ठेवते. आमच्या थोरल्या सिस्टर मात्र मला मान द्यायच्या. हत्यारं सर्जनच्या हातात ठेवायचं काम त्यांचं. ऑपरेशन संपलं की मला ब्रशने घासायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या आणि म्हणायच्या, "या खोलीत ही एकटीच कोणाची हांजी हांजी करत नाही." माझं आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर एवढंच. मला ते पुरायचं.

आता माझं काम काय ते सांगते. बायकांच्या पोटात अंडाशय नावाचे दोन छोटे अवयव असतात. त्यांचा कॅन्सर फार आतल्या गाठीचा. सुरुवातीला दुखत नाही की खुपत नाही. पोट जरा फुगतं, भूक मंदावते, आणि बाई म्हणते, वय झालं, गॅस झाला असेल. घरचेही तेच म्हणतात, कारण तेच सोयीचं असतं. कळतं तेव्हा तो पोटभर पसरलेला असतो. मूठभर राई घरात भिरकावली तर ती कुठे कुठे जाईल? तसा तो आतड्यांवर, यकृतावर, वर फुप्फुसांखालच्या पडद्यावर जाऊन बसतो. सर्जन पोट उघडून ती राई एकेक करून वेचतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमोची औषधं देतात.

पण वेचली किती, याला फारसा अर्थ नाही. राहिली किती, यावर त्या बाईचे पुढचे दिवस ठरतात. डोळ्याला दिसेल असं काहीच राहिलं नाही, तर सगळ्यात बरं. राहिलेली मोठ्यात मोठी गाठ एक सेंटिमीटरच्या आत असेल, तर त्याच्या खालोखाल. त्याहून मोठी असेल, तर आणखी कठीण. ही गाठ मोजायला मी. माझा पहिला सेंटिमीटर तिथे टेकवायचा आणि वाचायचं. एकोणीस वर्षं सगळ्यांनी तो पहिला सेंटिमीटरच वापरला. पुढच्या चौदांना कुत्रंही विचारत नव्हतं. घासून घासून पहिल्याच्या रेघा पुसट झाल्या, थिएटरच्या झगझगीत दिव्याखाली तिरकं धरलं तरच दिसायच्या.

या लोकांचा एक शब्द आहे, ऑप्टिमल. तुम्ही इंग्रजीच्या तासाला शिकाल, ऑप्टिमल म्हणजे सर्वांत उत्तम. या लोकांनी त्याला वेगळ्याच कामाला जुंपलंय. त्यांच्यात ऑप्टिमल म्हणजे 'राहिलंय, पण एक सेंटिमीटरच्या आत'. आपसात बोलताना त्यांना ते बरोबर कळतं, तेव्हा माझी काही तक्रार नसते. पण तोच शब्द उचलून घरच्यांच्या पदरात टाकला की काय होतं, ते आता ऐका. माझा सगळा राग तिथे आहे.

एका बाईंचं ऑपरेशन होतं. त्या शिवणकाम करायच्या, शाळांचे गणवेश, झगे, पडदे. तुमच्यातल्या कोणाची कॉलर त्यांच्याच हातची असेल, तुम्हाला काय पत्ता. थिएटरात सगळे त्यांना शिवणवाल्या बाई म्हणत, कारण भूल देण्याआधी त्यांनी भूलवाल्या डॉक्टरांच्या गाऊनकडे बघून सांगितलं होतं, "डॉक्टरीणबाई, तुमच्या खांद्याची शिवण तिरकी गेलीये. बरं होऊन आले की देते करून." तीन केमो आधीच झाल्या होत्या. डोक्यावर केस नव्हते, पण जिभेची धार शाबूत होती.

सर्जन म्हणजे आमचे मोठे सर. त्यांचे हात सोन्याचे, हे मी नाकारत नाही. पाच तास वीस मिनिटं त्यांनी वेचलं. पाणी प्यायलाही थांबले नाहीत. अंडाशयं गेली, गर्भाशय गेलं, आतड्यांवर पसरलेली चरबीची चादर गेली, आतड्यावरचे दाणे गेले. शेवटी यकृत बाजूला करून वर बघितलं, तर त्या पडद्यावर एक गाठ, मोठ्या शिरेला अगदी बिलगून बसलेली.

"पट्टी," सर म्हणाले.

सिस्टरनी मला टेकवलं, वाकून तिरकं पाहिलं. "आठ, सर. दोनदा पाहिलं. आठच."

मी आठच म्हटलं होतं. साडेसात नाही, नऊ नाही. सरांनी ती सोडवायचा प्रयत्न केला आणि शिरेतून भळकन रक्त आलं. त्यांनी तिथे बोट दाबून धरलं. भूलवाल्या डॉक्टर म्हणाल्या, "सर, प्रेशर घसरतंय. आवरा आता." सर क्षणभर तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "राहू दे."

हे त्यांनी बरोबर केलं. मी भांडकुदळ आहे, खोटारडी नाही. ती गाठ ओढायला गेले असते, तर बाई टेबलावरच गेल्या असत्या. आठ मिलिमीटर ठेवून त्यांनी माणूस वाचवला. तिथपर्यंत मी त्यांच्या बाजूची आहे.

"सर, कागदावर आठ लिहायचं ना?" सिस्टरनी विचारलं.

"एकच्या आत आहे ना? मग ऑप्टिमल लिहा. त्यात आलं सगळं."

झालं. माझ्या आठाचं लोणचं घातलं यांनी. एकोणीस वर्षं वाफेत शिजले, ब्रशखाली झिजले, ती कशासाठी? आकडा सांगायला. आणि कागदावर लिहिलं काय, तर एक गुळगुळीत शब्द. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढच्या सोमवारी हत्यारांची तपासणी झाली. थोरल्या सिस्टरनी मला उजेडात धरलं आणि उसासा टाकला. "हिच्या रेघा गेल्या. आता दिव्याखालीसुद्धा अंदाज घ्यावा लागतो." अंदाज! माझ्या बाबतीत! पण त्या बरोबरच होत्या, म्हणून मी गप्प बसले. फेकून देणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी मला सरांच्या तपासणीच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवलं.

तिथली अवहेलना काय सांगू. सर माझ्याने पाकिटं फोडत. खिडकी वाजू नये म्हणून मला फटीत खोचत. कोणी नसलं की शर्टाच्या कॉलरमधून मला आत घालून पाठ खाजवत. ज्या पट्टीनं माणसाच्या यकृतामागे जाऊन मोजमाप केलं, तिनं आता घामोळं खाजवायचं. असो. खाजवण्यात मी नाक मुरडलं, पण माझा खरा संताप झाला तो बाईंच्या ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी.

त्या दिवशी शिवणवाल्या बाई टाके दाखवायला आल्या. लेकीचा हात धरून हळूहळू खुर्चीत बसल्या. लेक दिसायला आईसारखीच, पण तिच्या जिभेला धार नव्हती, डोळ्यांत नुसती भीती. सरांनी टाके पाहिले, रिपोर्ट पाहिला. बाहेर बाकांवर बावीस माणसं होती आणि दरवाजा सारखा किलकिला होत होता.

"सगळं निघालं ना डॉक्टर?" बाईंनी विचारलं.

"ऑपरेशन ऑप्टिमल झालंय."

लेकीनं लगेच विचारलं, "ऑप्टिमल म्हणजे उत्तम ना?"

मित्रांनो, इथे एका वाक्याचं काम होतं. 'आठ मिलिमीटरची एक गाठ ठेवावी लागली, म्हणून पुढची औषधं फार महत्त्वाची आहेत.' बोलायला दहा सेकंद लागले असते. सरांनी दरवाज्याकडे पाहिलं, लेकीच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो, उत्तमच म्हणायचं. तीन केमो राहिल्यात, तेवढ्या पूर्ण करून घ्या."

लेक तिथेच रडायला लागली, आनंदानं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ज्यांनी पोट उघडून आतलं सगळं पाहिलं, त्यांच्याच पोटात एक आणि ओठात एक. मी फटीत अडकलेली, नाहीतर तिथून उडी मारून त्यांच्या बोटावर पडले असते.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. एक महिना गेला, तीन गेले. खोलीत कोणी त्यांचं नाव काढलं नाही. बरं झालेल्या पेशंटला कोण आठवतं, आणि सरांच्या लेखी त्या केमोवाल्या डॉक्टरांकडे जात असणार. केमोवाल्यांच्या लेखी त्या सरांकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण तुम्ही पाठ केली असेल, अर्थ इथे बघा.

ऑपरेशनला आठ महिने झाले तेव्हा त्या आल्या. लेक बरोबर होती. चेहरा उतरलेला, पण पोट पुढे आलेलं. खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "कंबर चौऱ्याऐंशी होती, त्र्याण्णव झाली. खाणं तर निम्म्यावर आलंय. दर रविवारी टेप लावून बघते मी. मग हे नऊ सेंटिमीटर आले कुठून?"

बघा, या बाई आपल्या आजाराला टेप लावून आल्या होत्या. त्यांच्यावर माझा तेव्हाच जीव जडला.

सरांनी पोट तपासलं, फोटो पाहिले. पोटात पाणी झालं होतं. "आजार परत आलाय," ते हळू आवाजात म्हणाले.

"परत आलाय, की गेलाच नव्हता?"

सरांनी फाइल उघडली, पानं उलटली. मला माहीत होतं तिथे काय आहे. आकडा नव्हताच तर सापडणार कुठून.

"थोडं राहिलं होतं," ते म्हणाले.

"थोडं म्हणजे किती?"

"एकच्या आत."

"एक काय? बोट, वीत, फूट?"

"सेंटिमीटर."

"आणि आत म्हणजे? मी कोणाची छाती 'चाळीसच्या आत' असं लिहून घेत नाही डॉक्टर. तसा झगा शिवला तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर मारेल."

सर फाइल मिटून म्हणाले, "आठ मिलिमीटर. मला आठवतंय."

आठवतंय! म्हणजे विसरले नव्हते तर. विसरले असते तर मी एक वेळ माफ केलं असतं, माणसं विसरतात. यांना आठ महिने तो आठ आठवत होता. एका मिलिमीटरला एक महिना, असा त्यांनी तो बाईंपर्यंत पोचवला.

"दाखवा किती ते," बाई म्हणाल्या.

सरांनी मला फटीतून ओढलं आणि पहिल्या सेंटिमीटरवर बोट ठेवलं. तिथे काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत पोलाद. ते मला उजेडाकडे वळवायला लागले, इकडे बघ, तिकडे बघ. बाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"टोक झिजलंय हिचं. झिजलेल्या टेपवर एकापासून धरायचं, एवढंही ठाऊक नाही का तुम्हाला?" त्यांनी एकाच्या रेघेवर एका अंगठ्याचं नख ठेवलं आणि दुसरं नख पुढे पुढे नेत आठ रेघा मोजल्या. नजर माझ्यावर खिळलेली, कारण बोटांना माझी कड लागत नव्हती, ते मला त्यांच्या हाताच्या चाचपडण्यावरूनच कळलं. एकोणीस वर्षांत या सगळ्या शिकलेल्यांना जे सुचलं नाही, ते त्यांनी बसल्या बसल्या केलं.

"एवढं," त्या म्हणाल्या. लेकीला दाखवलं. "हे बघ. आत माया ठेवली होती यांनी."

सरांना कळलं नाही. तुमच्यातल्या काहींनाही कळलं नसेल. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिवणकाम करणारे माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. लेकीनं ते सरांना सांगितलं.

"पण मी माया ठेवली की गिऱ्हाइकाला सांगते," बाई म्हणाल्या. "अमुक इतकी आहे, या बाजूला आहे. कपडा त्याचा आहे ना."

"मी तुम्हाला केमो पूर्ण करा म्हटलं होतं," सर म्हणाले.

"म्हटलं होतंत. एक घेतली मी. त्यानंतर गणवेशाची कॉलर शिवत होते, आणि पांढऱ्या कापडावर लाल ठिपका दिसला, तेव्हा कळलं की सुई बोटात गेलीये. बोटाला पत्ताच नाही. केमोवाल्या म्हणाल्या, औषधानं होतं असं, पुढेही वाढेल. मग मी विचार केला. आजार तर उत्तम निघालाय, तुम्हीच म्हणालात. मग नसलेल्या आजारासाठी असलेली बोटं कशाला घालवू? दोन केमो सोडल्या मी."

"मला येऊन सांगायचं ना. बोटांना कमी त्रास देणारं दुसरं औषध आहे."

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. "तेव्हा होतं ते?"

सर फाइल सरळ करत बसले.

"तेव्हा होतं का, विचारतेय मी."

"होतं."

"मग आठ आहे म्हणाला असतात, तर मी आले असते हो. धावत आले असते. उत्तम म्हटल्यावर कोण येतं भांडायला?" त्या शांतपणे बोलत होत्या, म्हणून जास्त लागत होतं. "बोटं दिली असती, नाहीतर दिली नसती. ते मी ठरवलं असतं. तुम्ही मला कापडच दाखवलं नाहीत आणि म्हणता, कापायचं कुठे ते ठरव."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चुकलं माझं," ते म्हणाले. तुम्हाला वाटेल माझा राग गेला असेल. नाही गेला. चुकलं म्हणायला आठ महिने लागतात का? दोन केमो चुकल्या नसत्या तर काय झालं असतं, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही सांगणार नाही, कारण मी अंदाजात बोलत नाही. पण ठरवायचा अधिकार तिचा होता, तो तिच्यापासून काढून घेतला, हे मात्र मोजून सांगते.

मग बाईंनी एकेक प्रश्न विचारला. दुसऱ्या औषधाचा शंभरातल्या किती जणींना उपयोग होतो? निम्म्यांना. उपयोग झाला तर किती दिवस? एक ते दोन वर्षं, कधी कमी, कधी जास्त. पूर्ण बरी होईन का? नाही. सरांना हे आकडे बोलताना घाम आला होता, पण ते बोलले. लेक खाली बघत होती. बाई म्हणाल्या, "घेते मी औषध. आता बरोबर माप मिळालं."

पुढे त्या दर चार आठवड्यांनी येऊ लागल्या. त्यांना औषधाचा उपयोग झाला, त्या चांगल्या पन्नासात निघाल्या. माझ्या फटीतून मला बाहेरचा बाक दिसायचा. तिथे बसून त्या शेजारच्या बायकांना शिकवायच्या. बोटं बधिर होती, पण तोंड चालू होतं. "बाई गं, कसं झालं म्हणून विचारू नकोस. कसं झालं विचारलं की हे लोक चांगलं झालं म्हणतात. किती राहिलं, ते विचार. उत्तम म्हणाले तर कागद माग."

एकदा सरांनी त्यांना म्हटलंही, "बाई, तुम्ही माझे पेशंट बिथरवताय."

"मग करा ना माझ्यावर केस," त्या म्हणाल्या. सर हसले नाहीत.

दुसरं औषध सुरू झाल्यावर त्या एक वर्ष चार महिने जगल्या. एका सकाळी थोरल्या सिस्टर खोलीत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, शिवणवाल्या बाई गेल्या काल." सरांनी मान हलवली. मला हातात घेतलं, एकापासून आठ रेघा मोजल्या, आणि पुन्हा खाली ठेवलं. मला त्यांची दया आली नाही. थोडीशी आली असेल, पण थोडीशी हा शब्द मी बोलत नाही.

त्याच आठवड्यात एका दुसऱ्या पेशंटची थोरली बहीण आली. धिप्पाड बाई, मनगटाला रबरबँड, हातात रिपोर्टची पिशवी. तिच्या धाकटीचं याच आजाराचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालं होतं. सर तिला बघून उठून उभे राहिले. चेहऱ्यावर खरा आनंद होता, इतक्या दिवसांत मी तो पाहिला नव्हता.

"ताई, फार चांगलं झालंय ऑपरेशन. डोळ्यांना दिसेल असं काहीही राहिलेलं नाही."

"म्हणजे ऑप्टिमल?"

"नाही, त्याच्याही पुढचं. शून्य."

"नक्की?"

"नक्की. शून्य मिलिमीटर."

ती बाई हलली नाही. "कागदावर आहे का?"

सरांनी फाइल फिरवून तिच्यापुढे धरली. तिनं ओळीखाली बोट फिरवत वाचलं. मग मान वर करून विचारलं, "हे तुम्ही ऑपरेशनच्या दिवशी लिहिलंय, की आत्ता मी येणार म्हणून?"

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पंचवीस वर्षं माणसं कापून बरी करणारा हा माणूस, आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी घेऊन उभा होता, आणि ती कोणी घेत नव्हतं.

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "खाली वेळ आहे बघा. सिस्टरची सही आहे."

तिनं वेळ पाहिली, सही पाहिली, मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला. "रागावू नका हं डॉक्टर. बाकावर एक बाई भेटल्या होत्या मागच्या महिन्यात. त्या म्हणाल्या, इथे तोंडी काही घेऊ नकोस."

"बरोबर म्हणाल्या त्या," सर म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्यापुढे हात जोडतात, आमची काळजी घ्या, आम्हाला टाकून देऊ नका म्हणतात. मी जोडणार नाही. माझ्याने खुशाल पाठ खाजवा. मला काळजी आहे ती त्या बाकावर बसलेल्या माणसांची, आणि तुमच्यातलं जे कोणी उद्या डॉक्टर होईल त्याची. ऐक रे, किंवा ऐक गं. काही वेळा थोडं आत ठेवावंच लागेल, तुझे हात कितीही चांगले असले तरी. ते त्याच दिवशी, आकड्यात, ज्याचं आहे त्याला सांग. आणि एखाद्या दिवशी काहीच राहिलं नाही, तू धावत सांगायला गेलीस, आणि समोरच्या बाईनं विश्वास न ठेवता कागद मागितला, तर तिच्यावर डाफरू नकोस. तुझ्या आधी त्या खुर्चीत बसून कोणीतरी तिच्यासारखीला 'उत्तम' म्हणालेलं असेल. कागद फिरव, तिच्याकडे सरकव आणि तिचं वाचून होईपर्यंत थांब.